आधी वाचू दे, मग सही

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, आधीच सांगते.

आज साताऱ्यात एका वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. आमच्या शेजारची अकरावीतली पोर बोलणार होती. तिनं विषय घेतला होता प्रतिभाताई पाटील. राष्ट्रपती झाल्यानंतरच्या नाही, त्याआधीच्या. सात मिनिटं बोलली, हातात कागद नाही. निकालाच्या वेळी परीक्षक माइकवर म्हणाले, "बोललीस छान बाळ, पण निवड चुकली. त्यांना तिथं बसवलं होतं. कर्तृत्व असलेलं माणूस घ्यायचं." सगळा हॉल हसला. पोरगी वहीचा कोपरा दुमडत बसली. मी पण गप्प बसले. त्याचीच चीड जास्त येतेय.

बसवलं होतं म्हणे! १९६२ साली जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या तेव्हा त्यांचं वय होतं २७. लग्न झालं १९६५ साली. म्हणजे कुणाची बायको म्हणून नाही, कुणाच्या माघारी रिकाम्या झालेल्या खुर्चीवर नाही. वकिलीचं शिक्षण घेतलेली, कॉलेजात टेबल टेनिस गाजवलेली एक अविवाहित मुलगी मतं मागत फिरली आणि निवडून आली. १९६२ म्हटलं की आपल्या साताऱ्यात एकच गोष्ट निघते, कराडचे यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. बरोबरच आहे, अभिमान मलाही आहे. पण त्याच वर्षी यशवंतराव मुख्यमंत्री असलेल्या विधानसभेत ही २७ वर्षांची बाई पहिल्यांदा येऊन बसली, हे किती जणांना ठाऊक आहे?

इथं मला माझी आई आठवते. तुमच्यातल्या काही जणांनी तिला पाहिलंय. नव्वदच्या दशकात ती कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत गेली. शिक्षण सातवी. एका संध्याकाळी प्रोसिडिंग बुक घरी आलं. आणणारा म्हणाला, "वैनी, हितं सही करा, बाकी आण्णांशी बोलणं झालंय." आई चुलीपुढं होती. म्हणाली, "ठेवा फळीवर. भाकरी झाल्या की वाचते." माणूस तासभर ओट्यावर बसून राहिला. आईनं हात धुतले, ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. ज्या बैठकीला तिला बोलावलंच नव्हतं, तिचे ठराव 'सर्वानुमते मंजूर' झालेले. "मी कवा हो म्हणलं?" एवढंच विचारलं आणि बुक मिटून परत दिलं.

विधिमंडळातलं काम याहून फार वेगळं असतं असं मला वाटत नाही. कागद वाचायचा, प्रश्न विचारायचा, अडून बसायचं. पुन्हा पाच वर्षांनी लोकांपुढं उभं राहायचं. प्रतिभाताई जळगावनंतर एदलाबादमधून, आजच्या मुक्ताईनगरातून, चार वेळा निवडून आल्या. १९६७, ७२, ७८ आणि ८०. मंत्रिमंडळात समाजकल्याण, आरोग्य, शिक्षण अशी खाती सांभाळली. आपल्या सांगलीच्या वसंतदादांच्या मंत्रिमंडळात त्या शिक्षणमंत्री होत्या, हे तरी सांगलीकर मित्रांनी लक्षात ठेवावं. काँग्रेस फुटली तेव्हा त्या इंदिराबाईंबरोबर राहिल्या आणि पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, आघाडी सरकार असताना, १९७९ साली, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. समोर शरद पवार मुख्यमंत्री. तिथं कुणी कुणाला नुसतं 'बसवत' नाही, तिथं रोज उभं राहून बोलावं लागतं.

हो, निष्ठेचं फळ त्यांना मिळालं, आणि राष्ट्रपती असताना परदेश दौऱ्यांच्या खर्चावरून टीकाही झाली. मान्य. पण निष्ठेचं फळ मिळालेल्या पुरुषाला आपण 'मुरब्बी' म्हणतो.

पुढं १९८५ साली राज्यसभा, आणि तिथं उपसभापतिपद. त्या पोरीच्या भाषणात नव्हती ती एक गोष्ट इथं सांगते. उपराष्ट्रपतीच राज्यसभेचा सभापती असतो. १९८७ च्या जुलैत उपराष्ट्रपती वेंकटरामन राष्ट्रपती झाले आणि सभापतीची खुर्ची रिकामी झाली. २५ जुलैपासून २ सप्टेंबरपर्यंत ते काम प्रतिभाताईंनी पाहिलं. आणि २५ जुलै २००७ रोजी, बरोबर वीस वर्षांनी, त्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. मध्ये १९९१ साली अमरावतीतून लोकसभा, मग राजस्थानचं राज्यपालपद. राष्ट्रपतिपदापर्यंत आल्या तोवर जी निवडणूक लढवली त्यात एकदाही हरल्या नव्हत्या. भल्याभल्यांना हे जमलेलं नाही.

तरी हॉल हसतो.

आमच्या गावात पाण्याची टाकी आहे. त्या बुकात सही न केल्यावर पुढची बैठक चावडीपुढं, सगळ्यांदेखत घ्यावी लागली आणि त्या बैठकीत आईनं टाकीचा विषय लावून धरला. तीन वर्षं धरला. आज गावात कुणालाही विचारा, "आण्णांच्या काळात झाली टाकी," म्हणतील. आण्णा म्हणजे माझे वडील. ते एकदाही निवडून आलेले नाहीत. त्यांनी स्वतः कधी श्रेय घेतलं नाही, हेही सांगते. लोकांनीच देऊन टाकलं.

द्रौपदी मुर्मूंचंही तेच होताना बघतेय. रायरंगपूरला नगरसेविका, मग दोनदा आमदार, ओडिशात मंत्री. या पायऱ्यांचं नाव कुणी काढत नाही, थेट राष्ट्रपती भवनाच्या फोटोवर येतात.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. परीक्षकही वाईट माणूस नसावेत, त्यांनीही कुणाकडून ऐकलेलंच सांगितलं असणार. पण त्या पोरीनं वाचून सांगितलं होतं. वाचून!

संध्याकाळी आईला फोन केला. आता ऐकू कमी येतं, सगळं दोनदा सांगावं लागलं. तिनं विचारलं, "भाषण कुणी लिहून दिलं हुतं पोरीला?"

म्हटलं, "कुणी नाही. तिचं तिनंच."

"मग रविवारी घिऊन ये तिला," म्हणाली. "मला सगळं ऐकायचंय. सावकाश बोलाय सांग."