‘दुहिता’ म्हणजे दूध काढणारी?

इंग्रजी ‘डॉटर’ हा शब्द संस्कृत ‘दुहितृ’वरून आला, ‘दुहितृ’ म्हणजे गाईचे दूध काढणारी, आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात ते तारांकित (म्हणजे * ही खूण लावलेले, अनुमानाने ठरवलेले) मूळ रूप निव्वळ कल्पना आहे, असे तीन दावे करणारा एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. या शब्दांचे नाते खरे आहे. ते आई-लेकीचे नसून बहिणींचे आहे.

पहिला दावा ध्वनींपाशीच अडतो. मुलीला ग्रीकमध्ये ‘थुगातेर’, लिथुआनियनमध्ये ‘दुक्ते’, फारसीत ‘दुख्तर’ म्हणतात. इंग्रजी लेखनातील मुके ‘जीएच’ही एके काळच्या ‘ख’सारख्या उच्चाराची खूण आहे. या सर्वांचे मूळ ‘दुहितृ’ असेल, तर ग्रीकमधला ‘ग’ कुठून आला? संस्कृतातला ‘ह’ हा जुन्या कंठ्य व्यंजनाचे बदललेले रूप आहे. संस्कृतची सर्वांत जवळची बहीण असलेल्या, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेत तो ‘ग’ टिकून आहे, आणि मधला ‘इ’ तिथे नाहीच. आरंभीचा ‘द’सुद्धा मूळचा ‘ध’ होता. एकापाठोपाठ दोन महाप्राण (‘ध’, ‘घ’ यांसारखी हकारयुक्त व्यंजने) आले की पहिल्याचा प्राण जातो, हा नियम जर्मन अभ्यासक ग्रासमान यांनी 1863 मध्ये मांडला (‘दधाति’मध्ये तोच दिसतो). खरी वंशज पाहायची तर कोकणीतील ‘धूव’ पाहावी. ती प्राकृत ‘धूआ’च्या वाटेने आली आहे.

दुसरा दावा अधिक लोभस आहे आणि व्याकरणाने अधिक सहज मोडतो. ‘दुह्’ (दूध काढणे) धातूला कर्तृवाचक, म्हणजे ‘करणारा’ या अर्थाचा, ‘तृ’ लागला की ‘दोग्धृ’ होते, ‘दुहितृ’ नव्हे. शिवाय कर्तृवाचक ‘दातृ’चे द्वितीयेचे रूप ‘दातारम्’ असे दीर्घ होते, तर ‘दुहितृ’चे ‘पितरम्’, ‘मातरम्’प्रमाणे ‘दुहितरम्’ असे ऱ्हस्वच राहते, म्हणजे हा ‘तृ’ नातेवाचक शब्दांचा आहे. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कांनी निरुक्त या ग्रंथात दुहण्याची व्युत्पत्ती दिली आहे खरी, पण ‘दुर्हिता’ आणि ‘दूरे हिता’ यांच्यानंतर, तिसरा पर्याय म्हणून. वैदिक गोठ्यात दूध काढणाऱ्या कन्येचे चित्र एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय करणाऱ्यांत युरोपीय संस्कृतज्ञ मॅक्स म्युलर होते. त्यांच्यावर एरवी तुटून पडणाऱ्यांनीच ते आज पुढे पाठवावे, हे गमतीचे आहे.

राहिला तारांकित रूपाचा आक्षेप. *धुग्ह्तेर असे ढोबळमानाने लिहिता येणारे हे रूप कोणत्याही शिलालेखात नाही, आणि तारा नेमके तेच सांगतो. मात्र अशी अनुमाने तपासता येतात. संस्कृत ‘इ’ आणि ग्रीक ‘आ’ यांसारख्या जुळण्यांवरून भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी 1879 च्या ग्रंथात काही लुप्त ध्वनी गृहीत धरले, तेव्हा हित्ती ही आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा कोणालाच वाचता येत नव्हती. 1915 मध्ये चेक अभ्यासक ह्रोझ्नी यांनी ती उलगडली, आणि 1927 मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी दाखवून दिले की, सोस्यूर यांना अपेक्षित होते अशा कित्येक जागी हित्ती लेखांत ‘ह’सारखा कंठ्य ध्वनी मातीच्या विटांवर कोरलेला आहे.