नवी गिटार झणझणते म्हणून ती टाकाऊ ठरत नाही

इलेक्ट्रिक गिटार शिकू पाहणाऱ्यांमध्ये एक दावा सर्रास फिरतो. त्याचे सार असे: चांगली गिटार खोक्यातून काढताच नीट वाजते, तारा झणझणत असतील तर नेक (गिटारची मान) वाकला आहे, म्हणून ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) आवळावा, सूर टिकत नसेल तर खुंट्या हलक्या प्रतीच्या आहेत, त्या बदलाव्यात, वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर चुकत असेल तर फ्रेटच चुकीच्या जागी बसले आहेत, फ्रेटची टोके हाताला लागत असतील तर माल निकृष्ट आहे, ॲम्पमधून (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून) घरघर येत असेल तर पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबकी भाग) टाकाऊ आहेत, आणि अशा गिटारवर आणखी खर्च करण्यापेक्षा ती विकून दुप्पट किमतीची घ्यावी. यातील प्रत्येक लक्षण खरे असते, म्हणून दावा लगेच पटतो. चूक आहे ती लक्षणावरून कारण ठरवण्यात. या चुकीची किंमत नवशिका मोजतो: घरच्यांनी पैसे जमवून घेऊन दिलेले वाद्य तो नाउमेद होऊन बाजूला ठेवतो, किंवा नको ते भाग बदलत बसतो. म्हणून एकेक विधान तपासून पाहणे गरजेचे वाटते.

पहिले विधान खोक्यातून काढताच नीट वाजण्याचे. आजच्या कारखान्यात स्ट्रॅटोकास्टरच्या (फेंडर कंपनीच्या एका गाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या) धर्तीची गिटार बनते तेव्हा बॉडी, नेक आणि फ्रेटच्या खाचा संगणकनियंत्रित यंत्र कापते, आणि ते काम स्वस्त गिटारीतही बहुधा चोख असते. काटकसर होते ती मुख्यतः हातकामात. फ्रेटची टोके घासून गोल करणे, नटमधील (नेकच्या वरच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीतील) खाचा एकेका तारेच्या जाडीप्रमाणे खोल करणे, तारा चढवून वाद्य शेवटचे जुळवणे ही कामे कुशल हाताने सावकाश करायची असतात, आणि किंमत खाली ठेवायची तर तीच आटोपती घेतली जातात. सुट्या भागांतही बचत होते, हे मान्य आहे; पण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे नसते. त्यात इंडोनेशियात किंवा चीनमध्ये जुळवलेली गिटार समुद्रमार्गे येते, गोदामात महिनोन्महिने पडून राहते, आणि मग पावसाळ्यातल्या मुंबईच्या दमट हवेत किंवा मे महिन्यातल्या नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडली जाते. लाकूड ओलावा घेते आणि सोडते, त्यामुळे नेकचा बाक बदलतो. मिरजेहून आणलेल्या तंबोऱ्याची जवारी गवयाच्या पसंतीप्रमाणे काढून घ्यावी लागते, म्हणून कोणी तो तंबोरा सदोष ठरवत नाही. गिटारचा सेटअप, म्हणजे हे शेवटचे जुळवणे, त्याच जातीचे काम आहे.

आता झणझणण्याविषयी, कारण सर्वात जास्त नुकसान याच मुद्द्यावरच्या सल्ल्याने होते. इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण तारांच्या जाडीनुसार अंदाजे ३८ ते ४७ किलो भरतो. हा ताण नेकला पुढे ओढतो आणि नेकच्या आत बसवलेला ट्रस रॉड त्याला विरोध करतो. समायोजित करता येणाऱ्या अशा रॉडचे पेटंट गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू याला १९२३ साली मिळाले. नेक हलणार हे गृहीत धरल्यामुळेच तो रॉड फिरवण्याची सोय आजही बहुतेक इलेक्ट्रिक गिटारना ठेवलेली असते. तेव्हा नेकला बाक असणे हा दोष नव्हे. अगदी थोडा पुढचा बाक तर हवाच असतो, कारण तार कंप पावते तेव्हा तिला मधल्या भागात मोकळी जागा लागते.

किती बाक हवा, हे मोजता येते. गिटार सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावावा, नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर सहावी, म्हणजे सर्वात जाड, तार दाबून धरावी आणि आठव्या फ्रेटचा माथा व तार यांतील फट पाहावी. साडेनऊ इंच त्रिज्येच्या गोलाईच्या फ्रेटबोर्डसाठी (फ्रेट बसवलेल्या नेकच्या पुढच्या लाकडी पट्टीसाठी) फेंडर कंपनी ०.२५ मिलिमीटर हे माप देते, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाचे दोन-तीन थर. फट याहून बरीच जास्त असेल तर रॉड आवळायचा आणि मुळीच नसेल तर सैल करायचा. म्हणजेच तारा झणझणल्या की रॉड आवळा, हा सल्ला पुष्कळदा नेमका उलटा ठरतो: आधीच ताठ झालेला नेक आवळल्याने मागे वाकतो, आणि पहिल्या पाच फ्रेटवरची झणझण आणखी वाढते. रॉड एका वेळी जास्तीत जास्त पाव फेरा फिरवावा, पुन्हा सूर लावावा आणि मग मोजावे. किल्ली घट्ट बसत नसेल किंवा जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबावे, कारण रॉडच्या टोकाच्या चाकीचे कोन झिजले तर दुरुस्ती फार महागात पडते.

शिवाय झणझण कुठे होते, यावरून तिचे कारण कळते. फक्त मोकळी तार झणझणत असेल आणि पहिला फ्रेट दाबताच आवाज स्वच्छ होत असेल, तर बहुधा नटमधील त्या तारेची खाच जास्त खोल गेलेली असते. बाराव्या फ्रेटच्या पुढेच त्रास असेल तर बॉडीवरच्या ब्रिजमधले सॅडल (तार ज्यावर टेकते तो सुटा भाग) फार खाली असण्याचा संभव मोठा. सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंत सुमारे १.६ मिलिमीटर ही फेंडरने सुचवलेली उंची सुरुवातीला धरून चालायला हरकत नाही. एकाच जागी, समजा तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, आवाज अडखळत असेल तर पुढचा आठवा फ्रेट वर उचललेला असतो. एखादी सरळ धातूची पट्टी लागून असलेल्या तीन फ्रेटवर टेकवून पाहिली आणि ती मधल्या फ्रेटवर डुगडुगली, तर तो उंच फ्रेट सापडला. तो ठोकून बसवणे किंवा घासून समतल करणे हे मात्र कारागिराचे काम आहे, नवशिक्याने त्यात हात घालू नये. आणि ॲम्प बंद असताना ऐकू येणारी किंचित झणझण ॲम्पमधून ऐकू येत नसेल, तर ती घालवण्यासाठी तारा उंच करून बोटांना शिक्षा देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

सूर टिकत नाही म्हणून खुंट्या बदलण्याचा सल्ला तर यांत्रिकदृष्ट्याही टिकत नाही. गिटारच्या खुंटीत एक मळसूत्र एका दातेरी चाकाला फिरवते. बोटाने मळसूत्र फिरवले की चाक फिरते, पण चाकाने, म्हणजे तारेच्या ताणाने, मळसूत्र उलटे फिरत नाही. म्हणून खुंटी स्वस्त असली तरी ती आपोआप घसरून सूर उतरणे विरळा. सूर उतरण्याची नेहमीची कारणे वेगळी असतात. नवी तार ताणून घेतलेली नसते. तारेचे वेढे खुंटीवर सैल किंवा एकमेकांवर चढलेले असतात. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे तार नटच्या खाचेत अडकते.

हे अडकणे ऐकता येते. तिसरी तार हळूहळू चढवत जावे. खुंटी फिरते आहे, पण ट्यूनरचा (सूर दाखवणाऱ्या उपकरणाचा) काटा जागचा हलत नाही, आणि मग नटजवळ बारीकसा ‘टिंग’ आवाज होऊन सूर एकदम पुढे उडी मारतो. खाचेने धरून ठेवलेली तार त्या क्षणी सुटलेली असते. दुसरी परीक्षा अशी की तार जोरात बेंड करून (बोटाने आडवी ताणून) सोडावी आणि सूर पाहावा. तो उतरला असेल, तर नट आणि खुंटी यांच्यामधला तारेचा भाग बोटाने किंचित दाबावा. त्यावर सूर पुन्हा जागेवर आला, तर दोष नटचा आहे हे निश्चित झाले. तार बाजूला करून खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासले की पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास कारागीर त्या मापाच्या कानशीने खाच किंचित रुंद करून देतो. अशा गिटारला महागड्या खुंट्या बसवल्या तरी खाच तीच राहते, आणि तक्रारही तीच.

ट्रेमोलो ब्रिज (दांड्याने हलवून सूर खालीवर करता येणारा ब्रिज) असलेल्या गिटारीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हवेत तरंगता ठेवलेला ब्रिज म्हणजे एका बाजूला तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूला पाठीमागच्या स्प्रिंगांचा ताण यांचा समतोल असतो. एक तार चढवली की ब्रिज किंचित पुढे येतो आणि बाकीच्या पाच उतरतात. नवशिक्याला हा बिघाड वाटतो, पण ब्रिज आपले काम बरोबर करत असतो. ज्याला ट्रेमोलोचा दांडा वापरायचाच नाही, त्याने मागचे झाकण उघडून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू आवळून ब्रिज बॉडीवर टेकवून घ्यावा. अर्धा मनस्ताप तिथेच संपतो.

फ्रेट चुकीच्या जागी बसल्याचा आरोप साध्या मापाने तपासता येतो. स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या गिटारीत तारेची सैद्धांतिक लांबी ६४८ मिलिमीटर असते, म्हणून नटपासून बाराव्या फ्रेटचे अंतर ३२४ मिलिमीटर भरले पाहिजे. ते भरत असेल तर फ्रेटना दोष देऊ नये. तार दाबली की थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून प्रत्येक तारेची लांबी किंचित वाढवावी लागते. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये प्रत्येक तारेला पुढे-मागे सरकणारे स्वतंत्र सॅडल दिले गेले, ते यासाठीच. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती हलके स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच तार दाबून काढलेला सूर यांची ट्यूनरवर तुलना करावी: दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यावे, उतरलेला असेल तर पुढे आणावे. हे काम नव्या तारांवर, आणि बाक व उंची ठरल्यानंतरच करावे, कारण आधी केल्यास ते पुन्हा करावे लागते. बारावा फ्रेट बिनचूक असूनही पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर लागत असतील, विशेषतः एफ मेजर दाबताना बोटे दुखत असतील आणि सूरही चढा येत असेल, तर नटच्या खाचा उथळ राहिल्या आहेत असे समजावे. या एका कारणाने किती जणांनी एफ कॉर्डपाशी गिटार सोडली असेल, या विचाराने वाईट वाटते.

टोचणाऱ्या फ्रेटच्या टोकांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचे लाकूड आडवे आकसते, धातू आकसत नाही, म्हणून टोके बाहेर येतात. बारीक कानशीने ती कायमची गोल करता येतात, आणि सवयीच्या कारागिराला हे काम अवघड नसते.

घरघरीचे कारण पिकअपच्या किमतीत शोधणे चूक आहे. एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारेचा कंप टिपतो तसाच आजूबाजूच्या विद्युत उपकरणांचा परिणामही टिपतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने तीच घरघर त्या सुरात ऐकू येते, आणि ती महागड्या एकेरी पिकअपमधूनही येते. हिच्यावर उपाय म्हणूनच गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास दोन उलट वेटोळ्यांचा हंबकर घडवला. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल, तर तारांची जोडणी ब्रिजमार्गे ग्राउंडला नीट झालेली आहे. हात लावूनही काही फरक पडत नसेल, तर ब्रिजपासून ग्राउंडला जाणारी आतली वायर सुटली आहे का, हे आधी पाहावे. खरखर येऊन आवाज तुटत असेल तर जॅकची (केबल खुपसायच्या सॉकेटची) सैल झालेली चाकी हे अगदी नेहमीचे कारण असते. ती आवळताना आतला जॅक फिरू देऊ नये, नाहीतर वायर तुटते. इथे सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. जुन्या इमारतींत कित्येक बोर्डांना अर्थिंग नसते. ॲम्पची तिसरी पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांच्या जोडणीवर भागवणे धोक्याचे आहे, कारण गिटारच्या तारा ॲम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. तारांना हात लावताच झिणझिण्या येत असतील तर वाजवणे ताबडतोब थांबवून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

पिकअप बदलण्याआधी त्यांची उंचीही पाहावी. चुंबक तारांच्या फार जवळ असतील तर जाड तारा वरच्या फ्रेटवर लहरत्या, दुहेरी सुरात वाजतात, आणि ट्यूनरचा काटा स्थिर होत नाही. पिकअपचे स्क्रू फिरवून तो थोडा खाली नेला की हे थांबते.

उरला शेवटचा सल्ला: विकून महागडी घ्या. काही दोष असे असतात की त्यांवर सेटअपचा उपाय चालत नाही, आणि ते परत करण्याची मुदत असतानाच शोधले पाहिजेत. नेक पिळलेला असणे, म्हणजे एका बाजूला वेगळा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा बाक असणे. रॉड पूर्ण फिरवूनही नेक सरळ न होणे. नेक आणि हेडस्टॉक (खुंट्या बसवलेले टोक) यांच्या जोडाशी चीर असणे. सॅडल शेवटपर्यंत सरकवूनही सूर न जुळणे, ज्याचा अर्थ ब्रिजच चुकीच्या जागी बसवला आहे. पहिली किंवा सहावी तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरणे आणि नेकचे स्क्रू सैल करून तो किंचित सरकवल्यावरही तसेच राहणे. अशी गिटार बिनदिक्कत परत करावी. यांपैकी काही नसेल तर ॲलन किल्ल्या, पोलादी पट्टी, स्क्रूड्रायव्हर, कॅपो आणि ट्यूनर एवढ्यावर बहुतेक काम घरी होते, आणि नट व फ्रेटपुरते कारागिराकडे जावे लागते. दुप्पट किमतीच्या गिटारीत हातकाम अधिक निगुतीने झालेले असते, यात शंका नाही. पण तिचा नेकही लाकडाचाच असतो, आणि ९ ते ४२ (इंचाच्या हजाराव्या भागात) जाडीच्या तारा काढून १० ते ४६ च्या चढवल्या की तिच्याही मालकाला बाक, उंची, स्प्रिंगा आणि सॅडल हे सगळे पुन्हा जुळवावे लागते.