ड्रायव्हर नवा कधीपर्यंत?

हेवी लायसन्स हातात आलं की पोरगा ड्रायव्हर झाला, असं आपल्या ट्रकच्या धंद्यात सरसकट धरून चालतात. मला हे मान्य नाही. इंदूरहून धुळ्याकडे भरलेल्या गाड्या पाठवणाऱ्या कुणालाच ते मान्य असू नये, असं मला मनापासून वाटतं. ट्रान्सपोर्ट नगरात, देवास नाक्यावर गेली कित्येक वर्षं नवी पोरं येताना बघतोय. त्यातली काही पक्की झाली, काही धंदा सोडून गेली, आणि काही घरी परत गेलीच नाहीत. म्हणून हे लिहितोय.

आधी कायद्याचं बघू. मालवाहू गाडीसाठी वय 20 पूर्ण लागतं. हलक्या गाडीचं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं लागतं, त्यानंतर हेवीचं शिकाऊ लायसन्स. ड्रायव्हिंग स्कूलला नियमाने किमान 30 दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 15 तास द्यावे लागतात. आता भरलेली गाडी इंदूरहून मुंबईला नेली तर स्टिअरिंगवर साधारण तेवढेच तास जातात. म्हणजे पोराचं सगळं अधिकृत शिक्षण मुंबईच्या एका खेपेएवढं, आणि तेही बहुतेक वेळा रिकाम्या गाडीवर, सपाट रस्त्यावर. कायद्याला मी दोष देत नाही. कमीत कमी काय हवं ते त्यानं सांगितलंय. पण कमीत कमी जे हवं तेच पुरेसं आहे असं आपण मालकांनी ठरवून टाकलं.

पूर्वी ही कसर क्लीनरगिरीत भरून निघायची. पोरगा चार-पाच वर्षं खलाशी म्हणून डावीकडे बसायचा. गाडी थांबली की टामी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन एकेक टायर वाजवायचा आणि आवाजावरून हवा ओळखायचा. ताडपत्री ओढायची, रस्सा आवळायचा, चढावर गाडी उभी राहिली की उडी मारून चाकामागे लाकूड टाकायचं, अरुंद जागेत मागे उभं राहून ‘आने दो, आने दो’ करत गाडी लावून द्यायची. उस्ताद, म्हणजे गाडीचा जुना ड्रायव्हर, शिव्या द्यायचा, कधी हातही उचलायचा, ते वाईटच होतं आणि ते परत यावं असं मी म्हणणार नाही. पण त्या पोराच्या कानात इंजिनाचा आवाज मुरलेला असायचा. कुठल्या वळणाआधी उस्ताद गियर उतरवतो, कुठल्या ढाब्यावर थांबतो आणि कुठे कितीही झोप आली तरी थांबत नाही, हे त्याला पाठ झालेलं असायचं. स्वतः चालवायला बसेपर्यंत रस्ता त्यानं शंभर वेळा बघितलेला असायचा.

आता क्लीनर दिसतच नाही. डिझेल, टोल, हप्ता यांत भाडं पुरत नाही, म्हणून आपण पहिली काट त्याच्यावर मारली. पॉवर स्टिअरिंग आलं, ट्यूबलेस टायर आले, दुसऱ्या माणसाचं काम काय, असा हिशेब झाला. दुसरा माणूस शिकत होता, हे त्या हिशेबात कुणी धरलंच नाही.

मग पोरगा तयार झाला हे आपण ओळखतो कशावरून? गोदामात गाडी एका दमात रिव्हर्स लावतो. ॲव्हरेज चांगलं काढतो. वेळेवर पोचतो, कुठे घासत नाही. या सगळ्या चांगल्या गोष्टी आहेत, पण यातलं काहीही सरावानं सहा महिन्यांत येतं. आणि दोन वर्षांत अपघात झाला नाही, याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो की दोन वर्षांत प्रसंग आला नाही.

प्रसंग कुठे येतो ते इंदूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. आपण माळव्याच्या पठारावर राहतो. राऊ, महू, मानपूरपर्यंत रस्ता हातात असतो. मानपूरनंतर जमीन एकदम निमाडात, नर्मदेकडे उतरते. धामनोदच्या अलीकडचा गणेश घाट कितीतरी घरांनी आयुष्यभरासाठी लक्षात ठेवलाय. उतरणारी भरलेली गाडी ताब्यातून सुटायची आणि दुभाजक ओलांडून समोरून चढणाऱ्या गाड्यांवर जायची, हे तिथे पुन्हा पुन्हा झालं. शेवटी तिथे नवा रस्ता काढावा लागला. पुढे खलघाटला नर्मदा ओलांडली, जुलवानिया गेलं, की सेंधव्यानंतर सातपुड्यातला बिजासन घाट आहेच. मातेच्या देवळापाशी ड्रायव्हर थांबतात, नारळ फोडतात. त्या पाच-दहा मिनिटांत चाकांतले ब्रेकचे ड्रमही थोडे निवतात, हे मला नेहमी फार चांगलं वाटत आलंय.

अपघातानंतर बातमी एकच असते: ‘ब्रेक फेल’. बहुतेक वेळा ब्रेक अचानक फेल झालेला नसतो. तो वर तीन-चार किलोमीटरवरच वापरून संपलेला असतो. नवा पोरगा टॉप गियरमध्ये उतार धरतो आणि गाडी पळायला लागली की ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. प्रत्येक दाबाला ड्रम तापतो. ड्रमला आतून घासून चाक धरणारं लायनर तापून पकड सोडतं, जळका वास येतो. जड गाडीचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, म्हणून दर वेळी हवाही खर्च होते आणि कॉम्प्रेसर भरतो त्याहून वेगानं टाकी रिकामी होत जाते. गेजचा काटा खाली यायला लागतो तेव्हा पोराचं लक्ष रस्त्यावर असतं, गेजवर नसतं. ज्या गाड्यांना मागे स्प्रिंग ब्रेक असतो त्यांची हवा फारच उतरली की मागची चाकं आपोआप धरली जातात, पण ती कधी आणि कुठल्या वळणावर, हे मग ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

जुने लोक सांगायचे ते आजही शंभर टक्के खरं आहे: ज्या गियरमध्ये गाडी चढली असती त्याच गियरमध्ये ती उतरवा, माल जड असेल तर आणखी एक खाली. आणि तो गियर माथ्यावरच टाका, कारण गाडी पळू लागल्यावर तो पडत नाही आणि न्यूट्रलमध्ये अडकलात तर संपलं. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी आवळणारा ब्रेक, असेल तर तो आधीच चालू करा. ब्रेक मधूनमधून, थोडाच.

आणि ते न्यूट्रल! डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायची सवय अजून गेलेली नाही, आणि दुःख याचं आहे की पोरांना ती आपल्यातल्याच काही मालकांनी लावली. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन डिझेल घेणं बंद करतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि गाडी धरून ठेवणारा सगळ्यात भरवशाचा ब्रेक आपण स्वतःहून सोडून देतो. हे प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक पोराला, कागदावर काढून समजावलं पाहिजे.

पण हे समजलं म्हणजे नवेपण संपलं, असंही मी म्हणत नाही. माझ्या मते ते संपतं तेव्हा, जेव्हा ड्रायव्हर घाटाच्या अलीकडे थांबतो. घाटात नव्हे, अलीकडे. आणि का थांबलो हे त्याला सांगता येतं.

देपालपूरकडचा एक पोरगा आमच्याकडे आहे. पावसाळ्याचे दिवस होते, गाडीत सोयाबीनच्या पेंडीची पोती होती, माल भिवंडीला जायचा होता. मानपूरला त्यानं गाडी बाजूला घेतली आणि फोन केला. म्हणाला, “भाऊ, हवा भरायला रोजच्यापेक्षा वेळ लागतोय, आणि मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर आच लागतेय. मी उतरणार नाही. मिस्त्री पाठवा.” तिकडून माल घेणाऱ्यांचे फोन सुरू, एजंट म्हणतोय हळूहळू काढ, काही होत नाही. पोरगा शांतपणे सगळ्यांना तेच उत्तर देत राहिला. मिस्त्रीनं चाक उघडलं तेव्हा ब्रेक अडकून राहत होता आणि लायनर जळायला आलं होतं. गाडी दुसऱ्या दिवशी निघाली. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात त्याला कुणी नवा म्हणत नाही. त्याचं वय बावीस आहे. पंधरा वर्षं गाडी चालवणारे काही जण मला माहीत आहेत, ज्यांना हे आजही जमलेलं नाही.

यात एक गोष्ट मात्र मालकांनी नीट समजून घ्यावी. गाडी आणि माल बदलला की पक्का माणूसही काही दिवस नवा होतो. दहाचाकी चालवणाऱ्याला ट्रेलर दिला तर वळणाचा अंदाज सगळा बदलतो. अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारल्यावरही आतून पुढे ढकलतो, भरलेल्यापेक्षा तो जास्त फसवा. निमाडातल्या कापसाच्या गाठी उंच रचल्या की गाडी वळणावर झुकते. सळई खाली बसते, पण नीट बांधली नसेल तर जोराच्या ब्रेकला थेट केबिनकडे येते. ‘तू तर जुना आहेस’ म्हणून अशा माणसाला एकट्याला पाठवू नका.

आता घाईबद्दल. ‘ई-वे बिल संपेल’ ही धमकी पोरांना सर्रास दिली जाते. ई-वे बिल म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याला मुदत असते. 2021पासून साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. इंदूर ते मुंबई सहाशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तीन दिवस. गाडी अडकली तर मुदत संपायच्या आधी 8 तास आणि नंतर 8 तास ती वाढवून घेता येते. एवढं सगळं असताना पोराला रात्रभर जागवायचं कारण काय? उशीर झाला की भाड्यातून पैसे कापायचे आणि ते पुढे ड्रायव्हरच्या भत्त्यातून वळते करायचे, ही पद्धत जोवर चालू आहे तोवर तो घाटाच्या अलीकडे थांबायला धजावणार नाही. थांबायला जाण लागते, तशीच मागे उभा राहणारा मालकही लागतो.

जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या तेव्हा इंदूरच्या पेट्रोल पंपांवर केवढ्या रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. त्या दोन दिवसांत सगळ्यांना ड्रायव्हर आठवला. ऑक्टोबर 2025पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, याचा मला खरंच आनंद आहे, कारण मे महिन्यात निमाडातून गाडी नेणं काय असतं ते मी केबिनमध्ये बसून बघितलंय. पण शिकवण्याचं काम सरकार आपल्यासाठी करणार नाही.

आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. नवा पोरगा पहिला पूर्ण पावसाळा धुळ्याच्या रस्त्यावर एकटा जात नाही. सोबत जुना ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याला पूर्ण भत्ता, दोघांचं जेवण ऑफिसकडून. नफा कमी होतो, हे खरं आहे. आम्ही तो कमी घेतो.

इंदूरात, महूला, देवासला असे कितीतरी जुने ड्रायव्हर घरी बसलेले आहेत. डोळे अधू झाले म्हणून किंवा गुडघे गेले म्हणून गाडी सुटली. डावीकडे बसायला लायसन्स लागत नाही. तुमच्या घरात, गल्लीत असे कुणी काका-मामा असतील आणि महिन्यातून एखादी खेप सोबत जायची त्यांची तयारी असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. मी स्वतः घरी येऊन बोलेन. आणि ज्या मालकांना हे आपल्या गाड्यांवर करायचंय त्यांनीही सांगा, एकाच जुन्या माणसाला दोन-तीन ऑफिसांनी मिळून भत्ता दिला तरी चालेल. पावसाळ्याच्या आधी सुरू करू.