«अण्णा, त्याला न कळता देता येईल असं औषध द्या की»

माझं सोलापूरच्या पूर्व भागात मेडिकल आहे आणि काउंटरवर ही मागणी नेहमी येते. विचारणारी बहुतेकदा विडी कामगार बाई असते. कारखान्यात विड्या जमा करून परतताना थांबते, बाकीची गिऱ्हाइकं गेली की हळू आवाजात नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या व्यसनाबद्दल सांगते. मी औषध देत नाही. का देत नाही, ते आज नीट लिहितो.

दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी आहे. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की त्याचं शरीर दारू पुरती पचवू शकत नाही. छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. हृदय किंवा लिव्हर आधीच कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणून डॉक्टर ती रुग्णाला सगळं सांगून, तपासण्या करून देतात. आमटीत चुरून घातलेली गोळी म्हणजे घरच्यांच्या हातून विषाचा घास आहे.

एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीवर, तर अशी कुठली गोळीच नाही. ती पावडर झोप आणि भूक मारते. नशा उतरली की माणूस खचतो, सगळ्यांवर संशय घेतो, काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. तिथं मानसोपचार आणि समुपदेशनच लागतं, तेही चिकाटीनं. खोलीत कोंडून भागत नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला तर अचानक कोंडलं की दोन-तीन दिवसांत फिट येते, भ्रम होतो. ती दवाखान्यात नेण्याची वेळ असते.

आणि ते लग्न! «बायको आली की सुधारेल» हे वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. त्या मुलीनं तुमचं काय घोडं मारलंय? पोराचं व्यसन लपवून सून आणणं ही सरळ फसवणूक आहे. वर तो सुधारला नाही की «तिलाच सांभाळता आला नाही» म्हणायला आपण मोकळे.

आपल्या सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी कित्येक टन इफेड्रिन, म्हणजे नशेचे पदार्थ बनवायला लागणारा कच्चा माल, पकडलं, 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी एमडीच्या कारखान्यावर छापा टाकला. त्यावर गावभर चर्चा झाली. घरात मात्र पोरगं रात्र-रात्र जागं असतं आणि आपण पाहुण्यांना «अभ्यास करतोय» सांगतो.

लपवण्यामागं पोलिसांची भीती असते, ती मला कळते. पण 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यातलं कलम 64-अ माहीत असू द्या. नशा करणं किंवा अगदी थोडा माल बाळगणं एवढाच आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर त्या आरोपातून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. माल विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि नसावीच.

14446 ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अक्का, पोरगं तयार नसेल तरी तुम्ही स्वतः फोन करा. त्याच्याशी कसं बोलायचं हे विचारायलाही तो नंबर चालतो.

मेडिकलवाल्या मित्रांनो, हा नंबर काउंटरवर लावा. अल्प्राझोलम, ट्रामाडोल अशा सवय लावणाऱ्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नका. चिठ्ठी जुनी असेल, झेरॉक्स असेल, तर गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.