हसा की, पण बीपीची गोळी बंद करू नका

सकाळच्या सुप्रभातांच्या गर्दीत हा फॉरवर्ड अधूनमधून येतोच. 'लहान मूल दिवसातून 400 वेळा हसतं, मोठा माणूस फक्त 15 वेळा. दहा मिनिटं खळखळून हसलं की अर्ध्या तासाचा व्यायाम होतो. खोटं हसलं तरी शरीराला फरक कळत नाही, स्ट्रेस हार्मोन तेवढाच उतरतो. अमेरिकेतला एक संपादक असाध्य आजारातून केवळ हसून बरा झाला. रोज हसा, बीपीच्या गोळ्या कायमच्या बंद करा.' खाली पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

हे सगळंच खोटं असतं तर काम सोपं होतं. हसण्याने ताण उतरतो, हे खरंच आहे. गडबड आहे ती किती, किती वेळ आणि कशामुळे उतरतो, यात.

आधी आकडे उरकू. मोठ्यांच्या 15चा आकडा जवळपास बरोबर निघतो! रॉड मार्टिन आणि निकोलस कायपर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना हसण्याची रोजची नोंद ठेवायला लावली होती. 1999 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सरासरी आली 17.6. मुलांच्या 400 मागे मात्र अशी कुठलीही मोजणी कोणी दाखवत नाही.

व्यायामाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हसणाऱ्यांच्या कॅलरी मोजल्या (2007). दिवसाला 10 ते 15 मिनिटं हसलं तर जास्तीच्या 10 ते 40 कॅलरी जळतात. म्हणजे फार तर चहातली दोन चमचे साखर. चालायला जायचं टाळू नका.

स्ट्रेस हार्मोन म्हणजे कॉर्टिसॉल. त्याबाबतीत 1989 चा ली बर्क यांचा प्रयोग सर्रास पुढे केला जातो. त्यात तासाभराची विनोदी चित्रफीत पाहिली ती पाच पुरुषांनी, आणि तुलनेला होते आणखी पाच. एवढ्यावर कोणी औषध ठरवत नाही. मात्र 2023 मध्ये आठ अभ्यास आणि 315 माणसं एकत्र धरून केलेल्या विश्लेषणातही हसणाऱ्या गटाचं कॉर्टिसॉल दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 32 टक्के जास्त उतरलेलं दिसलं. म्हणजे फॉरवर्डची बाजू अगदीच लंगडी नाही. फक्त, कॉर्टिसॉल हे एरवीही सकाळी चढतं आणि दिवसभरात उतरत जातं. ते घटकाभर खाली आलं म्हणून थकलेला हप्ता भरला जात नाही, की सासूबाईंचं आजारपण सरत नाही.

'खोटं हसलं तरी चालतं' हे आलं कुठून, ते आपल्या मुंबईतच सापडतं. 13 मार्च 1995 ला डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवालातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला. आधी विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरले ते चारचौघांत, बायकांसमोर सांगण्याजोगे नव्हते. तेव्हा कारणाशिवाय हसायची युक्ती निघाली. 'शरीराला फरक कळत नाही' हे वाक्य त्या युक्तीला चिकटलं, ते आजतागायत.

फरक कळतो. लंडनमध्ये सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन काढून पाहिलं: खरं हसू आणि मुद्दाम काढलेलं हसू ऐकताना मेंदूचा प्रतिसाद वेगळा असतो. रॉबिन डनबर यांच्या प्रयोगांत हसल्यावर वेदना सोसायची ताकद वाढली, पण ते हसणं आपसूक आलेलं होतं. फिनलंडमधल्या तुर्कूच्या 2017 च्या स्कॅनमध्ये मेंदूत अफूसारखी नैसर्गिक रसायनं सुटताना दिसली, ती माणसं आपल्या जिवलग मित्रांसोबत हसल्यावर.

मग क्लबवाल्यांना बरं का वाटतं? एकदा सकाळी बागेच्या कोपऱ्यात उभं राहून बघा. टाळ्यांच्या तालावर 'हो हो, हा हा हा', दोन्ही हात वर, लांब श्वास, सिंह हास्यात जीभ बाहेर. मग कोणीतरी भलत्याच वेळी फस्सकन हसतं आणि सगळा गोल खरोखर हसायला लागतो. काकू दोन दिवस दिसल्या नाहीत तर तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे फोन जातो. इराणमध्ये नैराश्य असलेल्या वयस्क बायकांवर झालेल्या अभ्यासात (2011) एका गटाला हास्ययोग दिला, दुसऱ्याला सामूहिक व्यायाम. काहीच न करणाऱ्या गटापेक्षा दोघांचंही नैराश्य कमी झालं, आणि नैराश्याच्या गुणांत त्या दोघांत लक्षणीय फरक निघाला नाही. माझ्या मते यातली बरीचशी कमाई घराबाहेर पडण्याची आणि सोबतीची आहे. हसणं त्याचं निमित्त. म्हणूनच ऑफिसात सोमवारी एचआरने उभं करून हसवलेल्यांचा ताण किती उतरत असेल, याची मला शंका आहे.

तो संपादक म्हणजे नॉर्मन कझिन्स. 1964 मध्ये मणक्याच्या संधिवाताचं निदान झालं. ते हॉस्पिटल सोडून हॉटेलात राहिले, विनोदी चित्रपट पाहिले आणि दहा मिनिटं पोट धरून हसल्यावर दोन तास वेदनेविना झोप लागते, असं 1976 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. फॉरवर्डमधून गळतं ते हे, की याच काळात ते डॉक्टरांच्या संमतीने शिरेतून क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेत होते, आणि त्या निदानावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. एका माणसाची हकिकत, त्यात दोन उपाय एकदम. कशाने काय झालं, हे कोण सांगणार? हसण्याने सगळं बरं होतं असा आपला दावा नाही, हे पुढे त्यांनाच सांगावं लागलं.

राहिली गोळी. खळखळून हसताना रक्तदाब आधी थोडा चढतो, मग उतरतो. त्या उतरलेल्या घडीचा आकडा बघून गोळी सोडणाऱ्याला उद्या पहाटेच्या रक्तदाबाचा पत्ता नसतो. क्लबवाले स्वतः जास्त सावध असतात: हर्निया, बळावलेली मूळव्याध, काचबिंदू किंवा नुकतंच मोठं ऑपरेशन झालेल्यांना ते थांबायला सांगतात. फॉरवर्ड पुढे ढकलायचाच असेल तर शेवटचं वाक्य खोडा आणि तिथे जवळच्या बागेतल्या क्लबची वेळ लिहा.