थंडीत सॅलड उगवत नाही म्हणे! ग्वाल्हेरच्या गच्चीवरून उत्तर

तुळशीचं लग्न झालं की तो मेसेज दरवर्षी फिरायला लागतो. यंदा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एकाच दिवशी दोन-तीन जणांनी टाकला, वर "बागप्रेमींनी अवश्य वाचा", खाली हात जोडलेले इमोजी. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: उत्तरेतल्या कडाक्याच्या थंडीत लेट्यूस, पालक, अरुगुला (सॅलडमधली तिखटसर पानं) घरी बियांपासून येत नाही, थंडीत बी रुजतच नाही म्हणून सगळं ऑगस्टमध्ये पेरून घ्या, बी बोटभर खोल घाला म्हणजे ऊब मिळते, फ्रिजमध्ये ठेवलेलं बी मेलेलं असतं, डिसेंबरात वाढ बंद होते, पाला (गोठलेलं दव) पडला की रोप गेलं, उपटून टाका, थंडीत संध्याकाळी पाणी देऊ नका, कुंडीला प्लास्टिक घट्ट बांधा आणि शेजारी धूर करा. आणि सगळ्यात शेवटी, सॅलड हे आपलं खाणंच नाही.

टाकणारे काका माणूस म्हणून भले आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण या मेसेजमुळे आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ऐन सीझनमध्ये कुंड्या रिकाम्या ठेवल्यात, म्हणून लिहितोय. अख्ख्या मेसेजमध्ये थंडीला व्हिलन केलंय, आणि ग्वाल्हेरात या भाज्यांना मारते ती गरमी. थंडीचे जे तीन-साडेतीन महिने मिळतात तेवढाच तर त्यांचा सीझन.

आता बी रुजण्याचं बघू. लेट्यूसचं बी २० अंशांच्या आसपास साधारण तीन दिवसांत तोंड वर काढतं, १० अंशांला आठवडा घेतं, ५ अंशांला दोन आठवडे. विलायती पालक थोडा आळशी, १० अंशांला बारा-एक दिवस आणि ५ ला तीन आठवडे. म्हणजे थंडीत उशीर होतो एवढंच, रुजत नाही असं नाही. उलट माती ३० च्या वर गेली की लेट्यूसच्या बऱ्याच जातींचं बी पाणी पिऊन फुगतं आणि तसंच झोपून राहतं, ३५ ला तर जवळजवळ काहीच वर येत नाही. आणि हे महाशय सांगतात ऑगस्टमध्ये पेरा! ऑगस्ट-सप्टेंबरच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या ग्रो बॅगमध्ये बोट घालून बघा, मग कळेल बी का रुसतं ते, आणि मग लोक म्हणतात दुकानदाराने जुनं बी दिलं. इथे पेरायची वेळ म्हणजे दिवाळी होऊन गेल्यावर, रात्री १५ च्या खाली जायला लागतात आणि दिवसा पंचवीस-अठ्ठावीस असतं तेव्हा. तिथून पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी मूठभर पेरत गेलात तर संक्रांतीच्या पुढेही ताजी पानं मिळत राहतात.

आणि कुणाला अजूनही वाटत असेल की थंडीत हिरवं पान टिकत नाही, तर त्यांनी जानेवारीत शेजारच्या मुरैना किंवा भिंडच्या रस्त्याला एकदा जाऊन यावं, दोन्ही बाजूंना सरसोंची, म्हणजे मोहरीची, शेतं उभी असतात, कोहऱ्यात (दाट धुक्यात), आणि त्यांना कुणी शाल पांघरत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य. थंडीने खरंच मरणारी झाडं आहेत. टोमॅटो, मिरची, वांगी, आणि आपली तुळस, जिला इकडे घरोघरी लाल ओढणी गुंडाळतात तरी जानेवारीत ती काळी पडतेच. ही मुळात गरम हवेची झाडं. लेट्यूस, पालक, अरुगुला, केल, मेथी, कोथिंबीर हे वेगळं खानदान आहे. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक टोमॅटोचा अनुभव पालकाला चिकटवलाय.

बोटभर खोल पेरण्याचा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर. लेट्यूसचं बी मोहरीपेक्षाही हलकं, चपटं, त्याच्या पोटात शिदोरी असते ती जेमतेम. बोटभर मातीखालून वर यायच्या आत ती संपते. दुसरं म्हणजे लेट्यूसच्या बऱ्याच जातींच्या बियांना रुजायला उजेड लागतो. ही काही गच्चीवरची थाप नाही, १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी हे 'ग्रँड रॅपिड्स' नावाच्या लेट्यूसच्याच बियांवर दाखवलं: लाल प्रकाश दिला की बी रुजतं, लगेच त्याच्यापलीकडचा गडद लाल दिला की थांबतं, परत लाल दिला की परत रुजतं, शेवटी कुठला दिला त्यावर सगळं ठरतं. वनस्पतींच्या आत प्रकाश ओळखणारं जे रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम, त्याचा शोध या वाटेने लागला. म्हणजे ज्या बियांनी जगाला हे शिकवलं त्याच बिया आपण अंधारात गाडायच्या!

मी करतो ते असं. दह्याचा मोठा डबा, तळाला भोकं, त्यात चाळलेली माती आणि शेणखत किंवा गांडूळखत, वरचा थर एकदम बारीक. माती आधीच भिजवून घ्यायची, पेरल्यावर वरून झारी ओतली तर बी सगळं एका कोपऱ्यात जमा होतं. चिमूटभर बी कोरड्या वाळूत मिसळायचं, भुरभुरवायचं, तळव्याने हलकं दाबायचं, आणि वर माती घातलीच तर इतकी की बी अर्धवट दिसत राहील. मग रोज स्प्रेने ओलावा, उजेड भरपूर पण दुपारचं थेट ऊन नको. पालकाचं मात्र उलट, ते एक-दीड सेंटिमीटर खोल आणि रात्रभर भिजवून. आपला देशी पालक खरं तर बीटाच्या कुळातला आहे, त्याचं जे खडबडीत बी दिसतं तो दोन-तीन बियांचा गुच्छा असतो, त्यामुळे एका ठिकाणी दोन-तीन रोपं आली तर घाबरू नका, एक ठेवा, बाकीची उपटून वरणात.

फ्रिजमधल्या बियांचा मुद्दा तर हसण्यासारखा आहे. दिल्लीत पुसा कॅम्पसमध्ये राष्ट्रीय जीनबँक आहे, तिथे देशभरातल्या पिकांच्या बिया उणे १८ अंशांवर ठेवतात, वर्षानुवर्षं. मरतं ते ओलं बी. नीट सुकवलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, काढल्यावर बाटली बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका नाहीतर आत दव धरतं. आणि ऑक्टोबरात घाई असेलच तर फ्रिज अजून एका कामाला येतो, लेट्यूसचं बी ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन-तीन दिवस आत ठेवा आणि मग पेरा, गरमीत झोपून राहणारं बी बऱ्याचदा जागं होतं.

डिसेंबरात वाढ बंद होते, हे वाक्य खोटं नाही, पत्ता चुकलेलं आहे. थंड देशातले लोक दहा तासांचा हिशोब धरतात, दिवस दहा तासांपेक्षा छोटा झाला की रोप जगतं पण वाढायचं जवळजवळ थांबतं. अमेरिकेत मेन राज्यात ही अवस्था नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असते. आता ग्वाल्हेर २६ अक्षांशावर, आपला वर्षातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा साडेदहा तासांच्या आसपास. म्हणजे ती रेघ आपण ओलांडतच नाही. कोहऱ्याचे आठ-दहा दिवस लागोपाठ आले की वाढ मंदावते हे खरं, तेव्हा पाणी कमी करा आणि रोपं विरळ करा, कारण त्या दमट हवेत दाटीने उभी असलेली रोपं बुंध्याशी कुजून आडवी होतात, आणि ते खापरही मग थंडीवरच फुटतं.

आता पाला. (महाराष्ट्रातल्या नातेवाइकांसाठी: पानांवरचं दव गोठून पांढरं होतं, त्याला इकडे पाला म्हणतात.) पेपरात किमान तापमान ४ दिलेलं असतं आणि तरी सकाळी कुंडीत पांढरं दिसतं, लोकांना वाटतं काहीतरी अघटित घडलं. पेपरातला आकडा माणसाच्या उंचीच्या आसपास, सावलीत ठेवलेल्या थर्मामीटरचा असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पान आपली उष्णता सरळ आकाशाला देत बसतं आणि आसपासच्या हवेपेक्षा काही अंश थंड होतं. म्हणूनच ढग किंवा दाट कोहरा असलेल्या रात्री पाला सहसा पडत नाही, आणि उघड्या गच्चीच्या मधोमध पडतो तेव्हा छज्ज्याखाली किंवा कडुनिंबाखाली पडत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी वाड्यांत राहणाऱ्यांची तर मजाच आहे, दिवसभर तापलेल्या भिंतीला कुंड्या चिकटवून ठेवल्या की अर्धं काम झालं.

आणि पाला पडलेलं रोप मेलेलं नसतं हो. सकाळी सातला पालकाचं पान बघा, गडद, काचेसारखं, लुळं पडलेलं, बघवत नाही. हात लावू नका. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत तयार होतो आणि पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतो. आठवडा-दोन आठवडे हळूहळू वाढत्या थंडीत राहिलेल्या रोपाने पेशींमध्ये साखर साठवलेली असते, त्यामुळे पेशी आतून गोठत नाही आणि ऊन आलं की पाणी परत आत जातं. दहा-साडेदहाला तेच पान ताठ उभं. जानेवारीचा पालक गोड लागतो तो याच साखरेमुळे. गोठलेलं असताना तोडलंत किंवा गरम पाणी शिंपडलंत (हो, असेही महाभाग आहेत) तर मात्र लगदा होतो. दुपारपर्यंत पान काळं, पाणीदार राहिलं तर तेवढं पान काढा, मधला कोंब बहुतेक वेळा शाबूत असतो. लेट्यूस पालकाइतकं चिवट नाही, त्यातही पूर्ण भरलेला गड्डा कोवळ्या रोपापेक्षा लवकर बिघडतो, म्हणून कडक थंडीच्या आधी मोठी पानं खाऊन टाकलेली बरी.

पाणी, प्लास्टिक, धूर यावर पटकन. कोरड्या मातीपेक्षा ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री सोडते, म्हणूनच पाल्याचा अंदाज असला की शेतकऱ्यांना हलकं पाणी द्यायला सांगतात. कुंडीतही दुपारीच मातीला पाणी द्या, पानांवर नको, चिखल नको. प्लास्टिक पानाला टेकलं की टेकलेली जागाच आधी गोठते, आणि सकाळी काढायला विसरलात तर आत भाजी उकडते, त्यापेक्षा चार काड्यांवर जुनी सुती चादर, कडा जमिनीपर्यंत, ऊन आलं की बाजूला. धुराने जवळपास काही होत नाही, धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते अडवत नाहीत, जी थोडीफार मदत होते ती आगीच्या आचेची. गच्चीवर एका ट्रे लेट्यूससाठी शेजाऱ्यांना खोकवायची काही गरज नाही.

राहिलं ते "आपलं खाणं नाही". अरुगुला म्हणून पाकिटात महाग मिळतो तो आणि राजस्थानात तेलासाठी पेरतात तो तारामिरा, जात एकच. फक्त शेतीच्या दुकानातलं गुलाबी-निळं औषध लावलेलं बी ताटलीत मायक्रोग्रीन (कोवळी रोपं) करून खाऊ नका. आणि कोवळ्या मेथीची पचडी, मुळ्याच्या पाल्याची कोशिंबीर हे कुठून आलं मग? कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल, आमच्याकडे आजीच्या काळापासून होतंय. ज्यांना लेट्यूसचं बी महाग वाटतं त्यांनी स्वयंपाकघरातली मेथी आणि मोहरी घ्यावी, याच दह्याच्या डब्यांत पेरावी, मेथी वीतभर व्हायच्या आत बुंध्यापासून दोन बोटं वर कात्रीने कापावी. लेट्यूसची मात्र बाहेरची पानं तोडत राहा आणि होळीच्या आत संपवा, त्यानंतर मधून दांडा उंच निघतो, तोडला की पांढरा चीक येतो आणि पान इतकं कडू होतं की गायसुद्धा तोंड फिरवते.