कुठली भुतं? संदर्भ द्या

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा निबंध लिहायला बसले, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद चिरंजिवांना झाला. तो नववीत. "होमवर्क झाला का?" हा प्रश्न आयुष्यात एकदा तरी आपण आईला विचारावा, ही त्याची फार जुनी इच्छा होती.

न्यू जर्सीत बारा वर्षं काढल्यावर मला अकाउंटिंगचा दोन वर्षांचा कोर्स करायची हुक्की आली. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजातल्या बाईंनी माझी सांगलीची बी.कॉम.ची मार्कलिस्ट कौतुकाने चाळली आणि म्हणाल्या, "छान. आधी इंग्लिश कॉम्पोझिशन." डेबिट-क्रेडिट नंतर, आधी निबंध! हे खूळ हार्वर्डचं. १८७४ साली त्यांनी प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध घातला, पोरांचं लेखन पाहून मास्तर हबकले, आणि १८८५ पासून पहिल्या वर्षालाच निबंधाचा तास सक्तीचा झाला. तेव्हाच्या पोरांनी जरा बरं लिहिलं असतं, तर मी आज सुटले असते.

सिलॅबस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 'धडा १ ते १२, सातवा वगळून' येतं. इथला सिलॅबस म्हणजे अकरा पानांचा करारनामा. दोन गैरहजेऱ्या माफ, तिसरीपासून ग्रेड घसरणार. निबंध एक दिवस उशिरा आला तर एक अक्षर खाली. तीन क्रेडिट म्हणजे वर्गात आठवड्याला तीन तास, शिवाय घरी सहा. निबंध देण्याची वेळ रात्री ११:५९. हा मुहूर्त कुठल्या पंचांगातला म्हणून मी विचारलं. बारा लिहिलं की आजचे बारा की उद्याचे यावर पोरं वाद घालतात म्हणे. बरोबर आहे, आपल्याकडे एकादशी नेमकी कधी यावर घरोघरी हेच चालतं.

एक आख्खं पान माझ्या खाजगीपणावर होतं. १९७४ च्या कायद्याप्रमाणे माझे मार्क माझ्या परवानगीशिवाय कॉलेज माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगणार नाही. हे वाचून मला भरून आलं. माझा दहावीचा निकाल मला कळायच्या आधी पेपरवाल्याला, पिठाच्या गिरणीत आणि मिरजेच्या आत्याला कळला होता.

आणि या करारनाम्यावर पहिल्याच आठवड्यात परीक्षा! दहापैकी आठ पडले. उशिराला सवलत केव्हा, या प्रश्नाला मी 'घरी पाहुणे आल्यास' असं लिहिलं होतं. ते चूक निघालं.

मग एमएलए. ही मॉडर्न लँग्वेज असोसिएशन १८८३ पासून आहे, निबंध आणि संदर्भ कसे मांडायचे याचे नियम तिच्या पुस्तकातले, आणि माझ्या समासाची काळजी तिलाच. चारी बाजूंनी एक इंच जागा, दोन ओळींत दुप्पट अंतर, उजव्या कोपऱ्यात वरून अर्ध्या इंचावर आडनाव आणि पान क्रमांक. शाळेत समास आखला नाही म्हणून मी पट्ट्या खाल्ल्यात, त्यामुळे इतपत मला झेपलं. तारखेत तर मी जिंकले. साऱ्या अमेरिकेत महिना आधी, पण एमएलएत दिवस आधी, आपल्यासारखा. चिरंजिवांनी माझी तारीख 'दुरुस्त' केली होती. मी पुस्तक उघडून दाखवलं. त्या दिवशी रात्री पोळ्या छान फुगल्या.

खरी रड पुढे होती. सरांचं म्हणणं, पहिल्या परिच्छेदातच तुमचा मुद्दा एका वाक्यात सांगून टाका. मी कीर्तनावर वाढलेली बाई. आधी पूर्वरंग, मग बुवा घोटभर पाणी पिणार, मग उत्तररंग. मुद्दा पहिल्या मिनिटाला सांगितला तर श्रोता बसेल कशाला? तरी सरांचा मान राखून मी मुद्दा आठव्या ओळीत आणला. त्याआधीच्या सात ओळी अगदी खात्रीच्या होत्या: 'आजच्या धकाधकीच्या जीवनात', 'मनुष्य हा समाजशील प्राणी आहे' वगैरे, इंग्रजीतून. दहावीत याच ओळींवर बाईंनी 'सुंदर!' असा शेरा दिला होता.

विषय होता कुटुंबातला एक प्रसंग. मी आजोबांकडे पैसा होता तेव्हाचा आणि नंतरचा गणपती लिहिला, आणि आजीचं वाक्य घातलं, असतील शितं तर जमतील भुतं. इंग्रजीत ते 'भाताची शितं असतील तर भुतं गोळा होतात' असं झालं. समासात सरांचा शेरा: 'कुठली भुतं? संदर्भ द्या.'

वर्गातल्या मुलांनी एकमेकांचे निबंध तपासायचे, असाही एक तास होता. माझ्या जोडीदाराने, वय वर्षे अठरा, माझ्या निबंधावर 'मस्त!' एवढंच लिहिलं. मी त्याच्या निबंधावर लाल पेनाने पावणेदोन पानं लिहिली. पुढच्या वेळी तो दुसऱ्या रांगेत बसला.

कच्चा खर्डा ११:५७ ला पाठवला. तो एका सॉफ्टवेअरमधून जातो आणि टक्के येतात. मला ३१. काळजात धस्स झालं. पास व्हायला ३५ लागतात, एवढं गणित माझ्या रक्तात आहे. लगेच सरांना मेल केला: 'चार ग्रेस मार्क मिळाल्यास आभारी राहीन.'

उलट टपाली ऑफिसात बोलावणं आलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून डबाभर चिवडा घेतला. सर म्हणाले, हे मार्क नव्हेत. तुमचा ३१ टक्के मजकूर दुसऱ्या कुणाच्या तरी मजकुराशी जुळतोय. पडद्यावर माझ्या सातही ओळी रंगीबेरंगी झाल्या होत्या. धकाधकीचं जीवन जगभरच्या हजारो पोरांनी आधीच जगून घेतलं होतं. "हे मात्र कुठेच सापडलं नाही," सर शितंभुतांवर बोट ठेवून म्हणाले. "तेवढा संदर्भ द्या."

"आजी."

"छापील?"

"नाही हो. ताक घुसळताना म्हणायची."

सरांनी चिवड्याची मूठ तोंडात टाकून बराच विचार केला. मग म्हणाले, मुलाखत म्हणून टाका, तारखेसकट. तेव्हा माझ्या निबंधाच्या शेवटी, पहिली ओळ समासाला आणि दुसरी अर्धा इंच आत सरकवलेल्या नोंदीत, माझी आजी आहे. वैयक्तिक मुलाखत, १९८८. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला हे कळलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, अर्धा इंच आत का, बाहेर काय झालंय?

सातही ओळी कापल्या. मुद्दा वर आणला. नवा निकाल आला, ७ टक्के. मी स्वयंपाकघरात अक्षरशः उडी मारली आणि तसाच सांगलीला फोन लावला.

"आई, मला सात टक्के पडले!"

पलीकडे बराच वेळ शांतता. टीव्हीचा आवाज कमी केल्याचं ऐकू आलं.

"असू दे गं," आई दबक्या आवाजात म्हणाली. "या वयात होतं असं. पण आत्याला सांगू नकोस."